मे महिन्यातला हिटर

जीपच्या बोनेटखालून वाफ निघत होती. महादेव मात्र वाफेकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

"मिस्त्री, गॅस्केट गेलंय म्हणायलेत. इंजिन खोलावं लागतंय म्हणे. खरं हाय का?"

"कोण म्हणतंय?"

"फोनवर एक जण."

"त्याला फोनवरून वाफ दिसली का?"

उदगीर-मुखेड रस्त्यावर माझं गॅरेज आहे. भर दुपार होती, समोरचा डांबरी रस्ता पाण्यासारखा हलत होता. मागच्या सीटवर महादेवची थोरली बहीण सुमनताई मांडीवर बाळाचं जरीचं टोपडं धरून बसली होती. संध्याकाळी मुखेडला, महादेवच्या सासुरवाडीत, त्याच्या लेकीचं बारसं होतं. नाव ठेवायचं आत्यानं. आत्या इथं, बाळ तिथं. इंजिन खोललं असतं तर जीप काही दिवस माझ्याकडेच राहिली असती, आणि त्या आडवेळी दुसरी गाडी मिळेना.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं. उकळतं पाणी तोंडावर येतं. गार होईपर्यंत आम्ही कडुलिंबाखाली बसलो. ताई डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी घोळवत होती. नावच असणार.

झाकण उघडलं. पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. ऑइलही दुधाळ झालं नव्हतं. गॅस्केट गेलं की बहुधा पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळतं. म्हणून विचारलं,

"पाणी कधी बदललंस?"

"सकाळीच. पाइप फुटला होता. मीच नवा टाकला, कूलंट घालून काठोकाठ भरलं."

"किती मावलं?"

"पाचचा कॅन अन् वर एक लिटरची बाटली."

"हिच्यात आठ लिटर बसतं."

"मग दोन लिटर कुठं गेलं?"

"गेलं न्हाई बाबा, आत आलंच न्हाई. तिथं हवा बसलीय."

हवा हलकी. उंचावरचा कोपरा दिसला की तिथं जाऊन बसते. मग पाण्याची वाट अडते आणि इंजिन तापतं. आम्ही याला एअर लॉक म्हणतो. गाडीचं नाक चढावर लावलं, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर येतं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, पाइप दाबून सोडले. थोडे बुडबुडे आले. अर्धा लिटर पाणी आणखी मावलं आणि थांबलं. दीड लिटरचा हिशोब लागेना.

तेवढ्यात डॅशबोर्डकडे लक्ष गेलं. हिटरच्या नॉबवर चिकटपट्टी होती.

"हे काय?"

"आपल्याकडं हिटर कोण लावतंय? शेजारची पोरं फिरवतात म्हणून पट्टी मारली."

हिटर म्हणजे वेगळी शेगडी नसते. डॅशबोर्डमागे लहानसा रेडिएटर असतो, त्यातून इंजिनचंच गरम पाणी फिरतं. या जीपमध्ये नॉब बंद केला की ती वाट बंद. मी पट्टी काढली, नॉब पूर्ण फिरवला.

"मे महिन्यात हिटर? मिस्त्री, तुमालाच ऊन लागलं का काय!"

"ताई, पुढं बसा. जाळीसमोर हात धरा. गरम वारं आलं की सांगा."

"गार यायलंय की."

"म्हणजे तिथं अजून पाणी न्हाई."

रेडिएटरच्या तोंडात आभाळाचा एक रुपयाएवढा तुकडा दिसत होता, त्यात लिंबाचं एक पान. खालून मोठा बुडबुडा आला. आभाळ फुटलं, पुन्हा जुळलं. पाणी खाली गेलं, मी ओतलं. पुन्हा बुडबुडा. कुणीतरी झोपेत श्वास सोडावा तसे ते सावकाश येत होते. महादेवही वाकून बघत राहिला.

"आलं! बाई बाई, चुलीपुढं बसल्यावानी!" ताई ओरडली. कपाळावरून घाम ओघळत होता, तरी तिनं हात काढला नाही.

मी ज्यातून ओतत होतो तो कॅन बघितला. एकूण दोन लिटरला पेलाभर कमी गेलं होतं. हिशोब लागला. झाकण लावलं, रस्त्यावर एक फेरी मारून आणली. तापमानाचा काटा मध्यावर.

"नाव काय ठेवताय?"

"आधी बाळाच्या कानात. मग तुमच्या."

दुसऱ्या दिवशी परतताना जीप थांबली. ताईनं घुगऱ्यांचा डबा दिला.

"समीरा ठेवलं. ठरवलेलं दुसरंच होतं. वाटेत बदललं."

"समीरा म्हणजे?"

"वारा."

भर उन्हात मी जी हवा गाडीतून बाहेर काढली, ती यांनी नाव देऊन घरात घेतली होती. डॅशबोर्डवर बघितलं तर पट्टी पुन्हा नॉबवर. असू दे म्हटलं, पण पाणी बदलताना ती काढायची आणि किती मावलं ते मोजायचं. काठ दिसला म्हणजे भरलं, असं नसतं.