काचेवरची टकटक

पालिकेच्या कार्यालयात तक्रारीच्या खिडकीला आता आतून पुठ्ठा लावला आहे. काल मी घरपट्टी भरायला गेलो, तेव्हा एक आजी त्या काचेवर बोटाने टकटक करत उभ्या होत्या. त्यांच्या नळाला पाणी येत नव्हतं.

“आजी, तक्रार आता मोबाइलवर करायची,” शिपाई म्हणाला.

“मोबाइल नातवाकडे, नातू पुण्यात.”

“मग?”

“मग काय, येतंय त्याच्या नळाला पाणी.”

शिपाई हसला. मला हसता आलं नाही. लोकांना मोबाइलची सोय आवडली आहे, खिडकी बंद करायला हरकत नाही, असा अहवाल प्राध्यापक असताना मीच संशोधन करून पालिकेला दिला होता. ‘तुमचं काम झालं का?’ असं लोकांना विचारलं, तेही मोबाइलवरच. ज्यांना जमलं त्यांनी उत्तरं पाठवली. बाकीच्यांचं काय, हे मनात आलं होतं. पण आलेली उत्तरं इतकी छान होती की मी पुढे विचारलंच नाही. आपण ज्यांना विचारतो तेवढंच शहर आपल्याला दिसतं. उरलेलं काचेबाहेर टकटक करत राहतं.

आजींनी वळून विचारलं, “तुमचं झालं का हो काम?”

“झालं,” मी म्हणालो.

माझ्या अहवालात सगळ्यांनी हेच उत्तर दिलं होतं.