धनेशभाऊजींचा एकच शॉट

आमच्या शिरवण्यातल्या घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून एक खोली आहे. सासऱ्यांनी ती जुनी भांडीकुंडी ठेवायला बांधली होती. आता तिथे माझे धाकटे दीर धनेशभाऊजी असतात, म्हणजे कामावरून आले की असतात. ते एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. वय बेचाळीस. खोलीत एका भिंतीला रंगाचे डबे, दुसरीला की-बोर्ड, खिडकीत मोबाईलचा स्टँड आणि मधल्या टेबलावर कादंबरी. मिठागरावरची ही कादंबरी मी लग्न होऊन या घरात आले त्या वर्षी सुरू झाली. माझा मुलगा यंदा दहावीला आहे. कादंबरीची चौपन्न पानं झालीत. मध्ये एकदा सत्तर झाली होती, मग कमी झाली.

खोलीच्या दाराला आतून त्यांनी एक टाइमटेबल चिकटवलं होतं. सोमवार-बुधवार लेखन, मंगळवार चित्रं, गुरुवारी लग्नांत वाजवणाऱ्या गावच्या बेंजो पार्टीची प्रॅक्टिस, शनिवार-रविवार शूटिंग. शुक्रवारच्या चौकटीत नुसतंच ‘भाविका’. भाविका माझी जाऊ, त्यांची बायको. ती म्हणायची, “बघा ताई, मला पन आठवड्यातून एकदा घेतलंय.”

फिल्म ते मोबाईलवरच काढतात, पाच-सात मिनिटांच्या. एका फिल्ममध्ये मी आहे. दार उघडायचं, दारातल्या पाहुण्याकडे बघायचं, एवढंच काम. चौदा वेळा उघडायला लावलं. मी म्हटलं, “भाऊजी, चौदा वेळा माणूस दारात येतो आणि त्याला साधं पाणी विचारत नाही आपण, बरं दिसत नाही हे.”

“वयनी, ह्याला रिटेक म्हनतात,” ते म्हणाले. “पावना एकदाच येतो. आपन चौदा वेला बघतो.”

आमचे हे, म्हणजे त्यांचे मोठे भाऊ हरेश, त्यांना सारखे टोचतात. “धन्याचं सगलं अर्धं हाय. जेवन तेवढं पुरं करतो.” भाऊजी हसतात. त्यांना चिडलेलं मी क्वचित पाहिलंय. पण मला विचाराल तर त्यांचं अर्धं राहतं त्यात गावाचाही वाटा आहे. कुणाच्या गणपतीचं मखर, कुणाच्या दुकानाची पाटी, कुणाच्या बारशाचा व्हिडिओ, कुणाच्या आजोबांच्या दहाव्याला वाचायला दोन ओळी. “धन्या, तुला येतं ना, मग दे की करून.” त्यांना नाही म्हणता येत नाही. एकच गोष्ट येत असती तर माणूस म्हणाला असता, मला वेळ नाही. चार येतात, मग प्रत्येकाला वाटतं आपलं तर एकच काम आहे.

दिवाळीनंतर पुतळा आत्यांच्या गळ्यात गाठ निघाली. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. गल्लीच्या टोकाला राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. त्या धवलारीण आहेत. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला धवले गातात, ते गाणारी बाई ती धवलारीण. आत्यांना अक्षर येत नाही, सगळं तोंडपाठ. त्यांची सासू गायची, तिच्या मागे बसून बसून आलं. हल्ली हळदीला डीजे लागतो, धवलारणीला दहा मिनिटं देतात आणि तेवढ्यात मुलं मोबाईल बघत बसतात. आत्यांच्या मागे बसायला कुणी आलं नाही. मीही बसले नाही. मला वाटायचं, आत्या आहेत की.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. म्हणाले, गाठ काढतो, पण आवाज पहिल्यासारखा राहील असं धरून चालू नका.

ते ऐकून भाऊजी घरी आले, वर गेले आणि दाराचं टाइमटेबल काढून टाकलं. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते, मला दिसलं. कादंबरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवली. ब्रश धुऊन ठेवले. बेंजो पार्टीला फोन केला, दोन महिने येत नाही. मला म्हणाले, “वयनी, आता एकच. आत्याची फिल्म. आत्याचे सगले धवले. बाकी सगला नंतर.”

अडचण एकच होती. आत्या मांडवाशिवाय गात नाहीत. भाऊजींनी त्यांना घरी बसून म्हणायची किती विनंती केली. त्या म्हणाल्या, “मांडव नाय आन धवला म्हंजे देवांची मस्करी. तुना मस्करी कराची त कर, मना लावू नको.”

म्हणून गोटीरामभाऊंच्या सोनलचं लग्न गाठायचं ठरलं. गोटीरामभाऊ म्हणजे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ, आमच्याच आळीतले. सोनलची हळद माघात, आत्यांच्या ऑपरेशनच्या सहा दिवस आधी. भाऊजींनी गोटीरामभाऊंना सांगून ठेवलं, आत्यांचं होईपर्यंत डीजे लावायचा नाही. त्यांनी कबूल केलं. मीही गावदेवीला सांगितलं, एवढं एक भाऊजींच्या हातून पुरं होऊ दे. नवरा-मुलापलीकडचं मी देवीकडे सहसा मागत नाही. पण हे मागितलं.

हळदीच्या दिवशी दुपारी तीनला आम्ही मांडवात. आत्या पाटावर, समोर सुपात तांदूळ, बाजूला आम्ही सात-आठ बायका. भाऊजींनी सकाळपासून मांडवातली आत्यांची जागा चारदा बदलून बघितली होती, पंखा बंद करून आवाज तपासला होता. साडेतीनला सुरुवात करायचं ठरलं होतं. तेवढ्यात गोटीरामभाऊ घाईघाईने आले. मांडवाच्या दाराचा फ्लेक्स आला होता आणि त्यावर सोनलच्या जागी ‘सोनाली’ छापून आलं होतं. सोनाली हे त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव. ती दोन वर्षांपूर्वी गेली.

“धन्या, नवऱ्याकडची मानसा यायच्या आधी ता नाव पूस रं बाबा,” गोटीरामभाऊ म्हणाले. “हिच्या आईना बघितला तर आजच्या दिशी घरान रडारड.”

आता सांगा, याला काय नाही म्हणणार? भाऊजींनी घड्याळ बघितलं. वीस मिनिटं होती. स्टँडवरून आत्या बायकांआड जात होत्या, म्हणून त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. “वयनी, आत्यानं आधी चालू केलं तर हे लाल बटन दाबा. हात हलवू नका. काय पन झाला तरी सोडू नका.” आणि रंग आणायला पळाले.

ते गेल्यावर पाच मिनिटांत आत्यांनी खाकरून बघितलं. म्हणाल्या, “आता गला मोकला हाय. मंग ऱ्हाल का नाय, सांगता येत नाय.” मी म्हटलं, आत्या, थोडं थांबता का, भाऊजी येतायत. त्या म्हणाल्या, “गल्याला सांग थांब.” आणि सुरू केलं.

मी लाल बटन दाबलं. आकडे पळायला लागले, ते बघितलं. हात हलू दिला नाही.

पहिला धवला देवांच्या आवतणाचा असतो. एकेका देवाला नाव घेऊन बोलवायचं, की आमच्या दारी लग्न आहे, तुम्ही या. गणपतीपासून आत्यांनी धरलं. गाठ असलेल्या गळ्यातून असा आवाज कसा निघतो, कोण जाणे. सुरुवातीला जरा खरखरला, मग खरखर आवाजातच मुरून गेली. मग गावदेवीचं नाव आलं.

पुढचं मी खरं तेच लिहिते. माझे हात जोडले गेले. गावदेवीचं नाव घेऊन तिला घरी बोलवतायत आणि मी हात न जोडता बसेन, असं माझ्याने होत नाही. मोबाईल मी मांडीवर ठेवला असणार. डोळे मिटले, नमस्कार केला, डोळे उघडले, मोबाईल उचलला. पडद्यावर आत्या दिसत होत्या. सूप दिसत होतं. मी परत हात स्थिर धरला. पुढची वीस-बावीस मिनिटं खांदा भरून आला तरी धरून ठेवला. डोंगरावरचे देव, खाडीचे देव, वेशीवरचे, घरातले गेलेले पूर्वज, सगळ्यांना आत्यांनी बोलवलं. शेवटी सुपातले तांदूळ मांडवावर उधळले आणि पाणी मागितलं.

भाऊजी आले तेव्हा त्यांच्या बोटांना निळा रंग होता. म्हणून मोबाईल हातात घेतला नाही, माझ्या हातातच वाकून बघितला.

“वयनी,” ते म्हणाले, “चालू नव्हता.”

मी म्हटलं, असं कसं, मला आत्या दिसत होत्या.

“दिसतं. चालू नसला तरी दिसतं.”

एक मिनिट चाळीस सेकंद होतं. मांडीवर ठेवताना बोट लागून बंद झालं होतं. मी त्यांना सांगितलं, मी हात जोडले.  ते रुमालाला बोटं पुसत राहिले, रंग निघत नव्हता.

मग ते आत्यांसमोर जाऊन बसले. “आत्या, एकदा परत म्हन ना. नुसता आवतान. बाकीचा मी घेतो नीट.”

आत्या म्हणाल्या, “परत कसा म्हनू?”

“मगाशी म्हटलास तसाच.”

“आरं, देव आलेत. सगले येऊन बसलेत मांडवान. आलेल्या पावन्याला परत बोलवाचा म्हंजे काय? तू आलास ता आमाला दिसलाच नाय, आसा सांगाचा? उठून जातील.”

आमचे हे मध्ये पडले. “आत्या, पोराचं दोन महिन्याचं काम हाय. देव समजून घेतील.”

“तुज्या वलखीचे आसतील तर समजून घेतील,” आत्या म्हणाल्या. बायका हसल्या. भाऊजीही हसले, सवयीने. मग ते माझ्याकडे वळले. हळूच म्हणाले, “वयनी, तुमी सांगा. तुमचा ऐकंल ती.”

खरं होतं ते. आत्या मला मानतात. माझे उपास-तापास, पोथी, मंगळवार त्यांना माहीत आहेत. मी म्हटलं असतं, आत्या, पाप माझ्याकडे, तुम्ही म्हणा, तर कदाचित म्हटलंही असतं त्यांनी. मी तोंड उघडलं. आत्या माझ्याकडे बघत होत्या, काय सांगते म्हणून. आणि मी ते मिटलं. कारण मलाही तसंच वाटत होतं. देव येऊन बसले होते. त्यांना परत या म्हणायला मी कोणत्या तोंडाने सांगू?

मी खाली सांडलेले तांदूळ वेचायला लागले. भाऊजींना कळलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “ऱ्हाऊ द्या.”

पुढचे धवले त्यांनी घेतले, पण आत्यांचा आवाज दुसऱ्याच धवल्याला बसला. तिसरा अर्ध्यावर सोडून त्यांनी हाताने खूण केली, पुरे. डीजेवाला वाटच बघत होता.

पाच वाजता बेंजो पार्टीतून निरोप, की-बोर्डवाला कळंबोलीला ट्रॅफिकमध्ये अडकलाय, धन्या, दे जरा वाजवून. भाविका मला म्हणाली, “आज तरी नाय म्हनतील.” ते गेले. निळ्या बोटांनी वाजवत होते, मी लांबून बघत होते. चांगलं वाजवतात ते.

दुसऱ्या दिवसापासून मी देवीपुढे उभी राहते, पण काय बोलावं सुचत नाही. चूक झाली म्हणू तर चूक कोणती? तुला नमस्कार केला ही? तिची माफी तिलाच नमस्कार केल्याबद्दल कशी मागायची? तिथून तशीच परत येते. भाऊजी मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट परवा ताटावर बसले असताना म्हणाले, “वयनी, आत्यावर एक कॅमेरा होता. तुमच्यावर दुसरा पायजे होता. तो शॉट भारी झाला असता.” आणि पोळी मागितली. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

ऑपरेशन नीट झालं. आत्या खातात-पितात, चालतात. आवाज मात्र पानाच्या सळसळीइतका उरलाय. कान जवळ नेला तर कळतं.

भाऊजी वही घेऊन त्यांच्याकडे गेले होते, की निदान शब्द उतरवून घेऊ. तेही झालं नाही. धवला गायला घेतला तरच एकामागून एक शब्द येतात, नुसते बोलायचे म्हटले तर आत्यांना आठवत नाहीत. दोन ओळी झाल्या की अडकतात, मग स्वतःवरच चिडतात. भाऊजींनी मला विचारलं, गावदेवीनंतर कुणाचं नाव होतं? मी डोळे मिटून आठवलं. सात देव सांगितले. आठवा कुठला, मला येईना. मी तेव्हा हात हलू नये एवढ्याकडेच लक्ष देत होते.

कादंबरी माळ्यावरून खाली आली नाही. नवीन टाइमटेबल लागलं नाही. मंगळवारी ते गच्चीवर नुसतेच फेऱ्या मारतात. भाविका म्हणते, “ताई, सगले दिवस माझेच झालेत आता. काय करू मी त्यांचं?” 

गेल्या रविवारी मी आत्यांना पेज घेऊन गेले, भाऊजीही सोबत होते. आत्या ओटीवर बसल्या होत्या, रस्त्याकडे तोंड करून. त्यांचे ओठ हलत होते आणि उजवा हात गुडघ्यावर ठेका धरत होता. मी जवळ जाऊन ऐकलं. काही ऐकू येत नव्हतं. पण हाताची लय धवल्याचीच होती, एवढं मला कळलं. त्या स्वतःशीच म्हणत होत्या, मांडव नसताना.

मी भाऊजींना खुणावलं, मोबाईल काढा.

ते आत्यांच्या हाताकडे बघत होते. म्हणाले, “नको वयनी. बॅटरी नाय.”

परत येताना गल्लीत त्यांनी फोन काढून वेळ बघितली तेव्हा मला दिसलं. ऐंशी टक्के होती.