उजव्या हँडलचं रीळ

माझ्या सासऱ्यांना सरळ सांगितलेली कुठलीच गोष्ट पटत नाही, हे मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं. त्यांच्या मुलाला चाळिशी उलटली तरी कळलेलं नाही. जर्मन माणूस आहे. त्याला अजून वाटतं की खरं बोललं की काम होतं.

त्या जूनमध्ये एका रविवारी सासूबाईंनी मला दारातल्या कपाटावर ठेवलेलं एक पाकीट दाखवलं. आत सासऱ्यांनी त्यांच्या मासेमारी क्लबला लिहिलेलं कुंडिगुंग, म्हणजे सभासदत्व सोडत असल्याचं पत्र, होतं. सप्टेंबर संपायच्या आत ते क्लबात पोचलं की नव्या वर्षापासून सभासद यादीतून नाव गेलं. हिवाळ्यात त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून तो हात छातीच्या वर जात नव्हता. पन्नास वर्षं माइन नदीच्या काठावर उभा राहिलेला हा माणूस आता सोफ्यावर बसून, लोक टीव्हीवर आपापल्या न्हाणीघरांच्या फरशा कशा बदलतात ते बघत होता.

"तिकीटसुद्धा लावून ठेवलंय," सासूबाई म्हणाल्या. "तिकीट लावलं म्हणजे ते टाकणारच."

नवऱ्याचा प्रयत्न आधीच करून झाला होता. "पापा, हलकी काठी घ्या आणि डाव्या हाताने गळ टाका," असं त्याने जेवताना सर्वांसमोर सांगितलं. त्यावर "खेळणी मी नातवंडांसाठी घेतो," एवढंच उत्तर आलं आणि पुढचे दोन रविवार बापलेकांत फक्त बटाटे इकडून तिकडे गेले.

मी मासेमारीत शून्य, पण ब्रेकमध्ये शून्य नाही. र्युसेल्सहाइमच्या कार कारखान्यात मी ब्रेकच्या चाचण्या घेते. ऑफिसातल्या कॉफीच्या वेळेत अमेरिकन लोकांचे मासेमारीचे व्हिडिओ बघता बघता माझ्या लक्षात आलं की बेटकास्टर नावाचं जे रीळ आहे, तो सगळा ब्रेकचाच खेळ आहे. सासऱ्यांच्या जुन्या रिळात दोरी एका जागी थांबलेल्या चकरीवरून सुटते. बेटकास्टरमध्ये मात्र दोरी सुटताना आख्खा रूळ फिरतो. रूळ दोरीपेक्षा जोरात फिरला की क्षणात गुंता होतो, म्हणून त्याला आत ब्रेक असतात: कुणाचे चुंबकाचे, कुणाचे फिरता फिरता बाहेर सरकणाऱ्या बारक्या वजनांचे. आणि खरी गोम अशी की या रिळाने काठी डोक्यावरून न फिरवता, कमरेपाशी नुसतं मनगट हलवून आमिष पाण्यावर सरकवता येतं. खांद्याला कामच नाही. तिकडचे लोक यावर बास नावाचा मासा पकडतात. इकडे त्याचा लांबचा भाऊबंद बार्श, पट्ट्यापट्ट्यांचा, आकाराने बेताचा आणि चवीला सरस.

मी एक्सेलमध्ये तक्ता केला. अकरा रिळं, सात काठ्या. वजन, ब्रेकचा प्रकार, हँडलच्या एका फेऱ्यात किती दोरी गोळा होते, काठीचं टोक किती वाकतं, मूठ केवढी. नवरा म्हणाला, आपण गाडी घेताना तू एवढा विचार केला नव्हतास. गाडीला खांदा नसतो, मी म्हटलं.

तक्त्यातला सर्वांत महत्त्वाचा रकाना होता हँडलचा. साध्या रिळाचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं. बेटकास्टरचं येत नाही; घेताना डावं की उजवं ते ठरवायचं आणि जन्मभर निभवायचं. सासऱ्यांसाठी उजवं हँडल हवं होतं, म्हणजे दुखरा उजवा हात कोपर अंगाशी धरून फक्त फिरवायला, आणि काठी डाव्या हातात. आता हे त्यांच्या गळी कसं उतरवायचं?

माझी आई पुण्यात साडी घ्यायची ती पद्धत मला आठवली. जी हवी ती कधीच बघायची नाही. दुसरीच उलगडायला लावायची, तिसरीला नाक मुरडायचं, आणि हवी ती दुकानदारानेच आपल्या पुढ्यात टाकली पाहिजे. मी सासऱ्यांना फोन करून सांगितलं की मला मासेमारी शिकायची आहे, दुकानात सोबत याल का?  पलीकडून "बरं, येतो," असा आवाज आला.

दुकान शहराबाहेर, टायरवाल्याच्या शेजारी होतं. सासऱ्यांना नावाने हाक मारायची परवानगी मला लग्नाआधीच मिळालेली आहे, पण माझी जीभ काही त्यासाठी वळत नाही. मी त्यांना "अहो" म्हणते. अकरा वर्षांत त्यांनी त्याचा अर्थ विचारलेला नाही, हाकेला मात्र ओ देतात.

"अहो, हे बघा, किती सुंदर," मी एक जाडजूड, सोनेरी रीळ उचलून म्हणाले.

"ते समुद्रावरचं आहे," ते म्हणाले. "ठेव."

मग मी दुकानदाराला कामाला लावलं. हे दाखवा, ते दाखवा, याच्या शेजारचं, त्याच्या खालचं. तासाभरात काउंटरवर चौदा रिळं झाली आणि त्या बिचाऱ्याने दाराशी जाऊन एकदा बाहेर पाहिलं, बहुधा मदत येतेय का म्हणून. सासरे मात्र रंगात आले. एकेक रीळ कानाशी धरून फिरवत होते. "हे खरखरतं. हे चांगलं, पण तुझ्या हाताला जड. तुला खांद्यात ताकद नाही, हलकं घे." मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. तक्त्यातलं माझं पहिल्या नंबरचं रीळ त्यांनी स्वतःच उचललं होतं. मी लगेच नाक मुरडलं. "काळं आहे," मी म्हटलं.

"काळं आहे म्हणजे? तुला मासे पकडायचेत की लग्नाला जायचंय?"

सगळं जमून आलं होतं, आणि तेवढ्यात दुकानदाराने डाव्या हँडलची पेटी पुढे केली. "मॅडम उजव्या हाताने काठी धरणार, तेव्हा डावं हँडल."

"नाही, उजवं," मी म्हणाले. "मी डावखुरी आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला. सासऱ्यांनी अकरा वर्षं मला उजव्या हाताने जेवताना, लिहिताना, त्यांच्या बागेतलं गवत उपटताना पाहिलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी पुढचं खोटं बोलले, आणि ते इतकं सहज आलं की मलाच नवल वाटलं. मी म्हटलं, जन्माने डावखुरीच, पण आमच्याकडे डावा हात चालत नाही. शाळेतल्या बाईंनी मारून मारून उजवा करवला.

"कशाने?" त्यांनी विचारलं.

"लाकडी पट्टीने," मी म्हटलं. माझ्या शाळेतल्या बाई इतक्या मवाळ होत्या की खडू मोडला तरी हळहळायच्या. आजही त्यांची मनातल्या मनात माफी मागते.

सासऱ्यांनी हातातलं रीळ हळूच खाली ठेवलं. "उजवं हँडल द्या," ते दुकानदाराला म्हणाले. काठी त्यांनी फारसं न बोलता निवडली. माझ्या तक्त्यात ती दुसरी होती आणि हातात घेतल्यावर मला कळलं की तक्ता चुकला होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. पुढच्या रविवारी जेवायला गेले तर माझ्या ताटलीशी चमचा डावीकडे. "या घरात तुला कुणी मारणार नाही," सासरे गंभीरपणे म्हणाले. "डाव्या हाताने जेव." मी डाव्या हाताने सूप प्यायले, म्हणजे थोडं प्यायले आणि बरंचसं टेबलक्लॉथने प्यायलं. नवऱ्याला एवढा ठसका लागला की तो उठून स्वयंपाकघरात गेला. सासूबाईंनी कौतुकाने फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि रात्र व्हायच्या आत पुण्याहून आईचा फोन आला. "डाव्या हाताने जेवतेस? हेच शिकवलं का गं आम्ही?"

त्यात ही जर्मनी. इथे परीक्षा दिल्याशिवाय पाण्यात गळ टाकता येत नाही. रीळ घेतलं म्हणजे परीक्षा देणारच, असं सासऱ्यांनी गृहीत धरून माझं नावही घातलं. उन्हाळ्यातले कितीतरी शनिवार मी क्लबच्या खोलीत बसून माशांचे कल्ले आणि पर शिकत होते, आणि मित्रमैत्रिणी तळ्याकाठी कणसं भाजत होते. परीक्षेच्या दिवशी सासऱ्यांनी देखरेखीवरच्या माणसाला सांगून मला डाव्या कोपऱ्यातली जागा मिळवली होती, कोपर कुणाला लागू नये म्हणून. तो माणूस अधूनमधून माझ्याकडे बघून मायेने हसायचा. त्यामुळे आख्खी उत्तरपत्रिका मी डाव्या हाताने फुल्या मारत सोडवली. पास झाले. फुल्या मात्र चौकटीत कमी आणि बाहेर जास्त होत्या.

हे सगळं मी हसत सोसलं असतं, पण मूळ काम होतच नव्हतं. सासरे काठीला हात लावत नव्हते. रोज संध्याकाळी त्यांच्या बागेत मी गवतावर ठेवलेल्या बादलीत आमिष टाकायचा सराव करायची आणि ते खुर्चीत बसून सूचना द्यायचे. "मनगट. अंगठा रुळावर ठेव. अंगठा!" माझा डावा हात म्हणजे नुसता शोभेचा. रुळावर दर वेळी एवढा गुंता व्हायचा की जर्मन लोक त्याला केसांचा टोप का म्हणतात ते मला पुरतं पटलं. "अहो, तुम्ही एकदा करून दाखवा ना," मी दहा वेळा म्हटलं.

"काठी तुझी आहे," ते दहा वेळा म्हणाले. आणि कपाटावरचं पाकीट जागच्या जागी होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही क्लबची होडी घेऊन जुन्या ऱ्हाइनच्या फाट्यात गेलो. निघताना सासऱ्यांनी कपाटावरचं पाकीट उचलून कोटाच्या आतल्या खिशात घातलं. येताना पेटीत टाकू, म्हणाले.  एवढं खोटं बोलून, बाईंवर बालंट घेऊन, आईचा राग ओढवून शेवटी हा माणूस सोफ्यावरच बसणार होता.

पाणी स्थिर होतं. वाळुंजाच्या फांद्या एका जागी पाण्यावर झुकल्या होत्या आणि सासरे म्हणाले, बार्श त्या सावलीत आहे. मी टाकलं. गुंता. सोडवला, पुन्हा टाकलं, आमिष आमच्याच होडीवर आपटलं. तिसऱ्या गुंत्याला माझा धीर सुटला. मुद्दाम नाही, खरंच. डोळ्यांत पाणी आलं आणि मी मराठीत रिळाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"दे इकडे," सासरे म्हणाले.

त्यांनी गुंता सोडवला, झाकण काढून ब्रेकची दोन बारकी वजनं सरकवली, आणि काठी हातात घेतली. डाव्या हातात. एकदाही न चाचपडता. मनगट हललं, आमिष पाण्यालगत सरकत गेलं आणि फांद्यांखालच्या वीतभर फटीतून आत शिरलं. आवाजसुद्धा झाला नाही.

मी बघतच राहिले. तीन महिने माझ्या डाव्या हाताला जे जमलं नव्हतं ते यांना पहिल्या फटक्यात? त्यांनी दोरी गोळा केली, पुन्हा टाकलं. तिथेच. चौथ्यांदा काठी वाकली. मी जाळं घेतलं, मासा वर काढला, परीक्षेसाठी शिकले तसं त्याला मारलंही. दुपारपर्यंत त्यांनी काठी मला परत दिली नाही आणि मी मागितली नाही. इतका आनंद मला स्वतःचं काही जिंकल्यावरही झालेला नाही.

परत येताना गाडी मी चालवत होते. गावात शिरताना पिवळी पोस्टाची पेटी दिसली. मी गाडी हळू केली, थोडी खोडी म्हणून आणि थोडी धाकधुकीने.

"काय झालं?" ते म्हणाले. "रस्ता मोकळा आहे. चल."

पेटी मागे गेली. ते त्यांच्या डाव्या तळहाताकडे बघत होते. मग खिडकीबाहेर बघत बोलले, "मीही तसाच होतो. शाळेत जाईपर्यंत सगळं डाव्याने करायचो. मास्तरांकडे लाकडी पट्टी होती. हात टेबलावर उलटा ठेवायला लावायचे." त्यांनी तळहात मिटला. "मी हे तुझ्या सासूलाही सांगितलेलं नाही. पोराला तर नाहीच. तू दुकानात बोललीस तेव्हा वाटलं, या मुलीला माहीत आहे."

 खोटं बोलताना माझी जीभ एरवी अडखळत नाही. खरं सांगावं असं फार वाटलं, आणि सांगितलं तर या माणसाकडून काय काढून घेऊ तेही कळत होतं.

"तुला फार मारायच्या का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्याइतकं नाही."