नावावर आलेली चिठ्ठी

विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाहेर शीतलचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. पाटीवर मोठ्या अक्षरात नुसतं 'शीतल', आणि खाली बारीक अक्षरात 'मिक्सर, शिलाई मशीन, इस्त्री'. नवं गिऱ्हाईक पायरीवरूनच विचारायचं, "शीतल मॅडम आहेत का?" आत बसलेला दाढीचे खुंट वाढलेला, बनियनवर ग्रीसचे डाग मिरवणारा आडदांड माणूस मान वर न करता म्हणायचा, "मीच मॅडम. बोला, भांडं गळतंय की मोटर जळली?" गिऱ्हाईक ओशाळायचं, हा कधीच ओशाळायचा नाही. दुकानातल्या बाकड्यावर बसून हे मी कितीदा तरी पाहिलं आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात दुखलं.

सरळच सांगतो, मला शीतलचा हेवा वाटायचा. त्याच्या रूपाचा नाही, मिळकतीचाही नाही, त्या दोन्हींत मीच उजवा होतो. कारण वेगळं होतं. माझं नाव सुमन.

दुकान आता बंद आहे. शीतल गेला त्याला वर्ष होईल. तो आज आठवायचं निमित्त माझ्या मुलीचं, गौरीचं आहे. गेल्या महिन्यात तिला मुलगा झाला. तिने आणि निखिलने, माझ्या जावयाने, बाळ पोटात असतानाच नाव ठरवून टाकलं होतं, मृदुल. मुलगा झाला तरी हेच, मुलगी झाली तरी हेच. प्रत्यक्ष बाळ मांडीवर आल्यावर मात्र दोघांचाही धीर सुटला. निखिलची आई म्हणाली, मुलीचं वाटतंय. मैत्रिणी म्हणाल्या, शाळेत पोरं जगू देणार नाहीत. बारसं आठ दिवसांवर आलं, पाळण्यामागे लावायच्या पाटीवर काय लिहायचं ते ठरेना, तेव्हा गौरीने नौपाड्याहून मला फोन केला. "बाबा, आता तूच सांग. तू हे भोगलंयस. तू नको म्हणालास तर नाही ठेवणार आम्ही."

'नको' माझ्या जिभेवरच होतं. तरी म्हणालो, दोन दिवस दे.

माझं नाव ठेवलं वडिलांनी. मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात त्यांना कायम करण्यासाठी एका बंगाली फोरमनने खटपट केली होती, त्याचं नाव सुमन. आई तेव्हाच कुरकुरली म्हणे, मुलीचं वाटतं हो. वडील म्हणाले, त्यांच्याकडे पुरुषांचंच असतं. शीतलचे वडील त्याच कारखान्यात होते आणि आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचे. त्याच्या आईने शीतलादेवीला नवस केला होता, त्या नवसाचा हा मुलगा. मी या बाईंना लहानपणापासून मावशी म्हणतो.

पाचवीत नव्या बाई आल्या. त्यांनी हजेरीपट नव्याने लिहिला, वर मुलगे, खाली मुली. आम्ही दोघे मुलींत गेलो. मी घरी जाऊन रडलो, दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले आणि माझा नंबर बदलला. बाईंनी शीतललाही विचारलं. तो म्हणाला, "राहू द्या ना बाई. नंबर पाठ झालाय माझा." वर्षभर तो मुलींच्या यादीतच राहिला. परीक्षेला नंबराप्रमाणे मुलींच्या बाकावर बसला, त्यांच्या चिंचा खाल्ल्या, आणि ज्या मुली आमच्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत त्या मधल्या सुट्टीत त्याला गणितं समजावून सांगायच्या. आम्ही मागून 'शीतलताई' म्हणून ओरडायचो. आम्ही म्हणजे सगळ्यात मोठ्याने मी. तो वळून शांतपणे विचारायचा, "काय रे दादा?" आणि सगळा वर्ग मला हसायचा.

तेव्हापासून त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "नावावर आलंय ना? मग माझंच." साड्यांच्या दुकानाचं कूपन 'श्रीमती शीतल' नावाने आलं, तर हा जाऊन आईसाठी साडी घेऊन आला. लग्नाच्या वयात विवाह मंडळाने नाव वाचून त्याला मुलांची स्थळं पाठवली, एक नाही, तीन. मी असतो तर मंडळाच्या ऑफिसात जाऊन टेबल आपटलं असतं. याने चहा पीत पीत तिन्ही पत्रिका वाचल्या. "तिसरा चांगलाय रे सुम्या. पोस्टात आहे, आईबापाला धरून आहे." ते स्थळ त्याने मिक्सर न्यायला आलेल्या एका शिक्षिकेला दिलं आणि लग्न जमलंसुद्धा. मंडपात पहिल्या रांगेत शीतल, हातात मानाचा नारळ. मी चौथ्या रांगेत. त्याचं स्वतःचं लग्न मात्र कधी झालं नाही आणि त्याबद्दल तो बोललाही नाही.

पण हा सगळा पोरखेळ होता. खरा हेवा मला एका संक्रांतीपासून वाटायला लागला.

आम्ही दोघांनी डोंबिवलीत एकाच इमारतीत घर घेतलं, तो तळमजल्यावर, मी पहिल्या मजल्यावर. दोघांचेही वडील तोवर गेले होते, लग्नं व्हायची होती आणि दोघांच्या घरी एकेक विधवा आई होती. महिला मंडळाच्या करंदीकर वहिनींनी सोसायटीच्या यादीतून बायकांची नावं काढली आणि हळदीकुंकवाच्या चिठ्ठ्या घरोघर टाकल्या. नवीन लोकांना त्या ओळखत नव्हत्या. एक चिठ्ठी शीतलच्या दारात पडली, 'सौ. शीतल'. एक माझ्या, 'सौ. सुमन'.

ती वाचली आणि माझं डोकं फिरलं. मी तिचे तुकडे केले आणि आईला दिसू नयेत म्हणून केराच्या डब्यात, चहाच्या चोथ्याखाली दाबले.

संध्याकाळी खाली अंगणात सतरंज्या पडल्या. आई गॅलरीत उभी राहून बघत होती. वडील गेल्यापासून ती संक्रांतीला अशीच लांबून बघायची, कुणाची साडी कशी आहे ते मला सांगायची. मी आत पेपर वाचत होतो. एकदम खालचा आवाज थांबला म्हणून बाहेर आलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला शीतल सतरंजीच्या कडेला उभा होता. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात मावशींचा हात. मावशी तो सोडवून घ्यायला बघत होत्या.

"वहिनी, चिठ्ठी माझ्या नावावर आलीय," तो म्हणाला. "पण बायकांत एकट्याला लाज वाटते, म्हणून आईला आणलंय."

बायका आधी हसल्या. मग त्यांचं मावशींच्या कपाळाकडे लक्ष गेलं आणि हसणं विरलं. करंदीकर वहिनी कडक बाई. त्यांनी शीतलला कुंकू लावलं, तिळगूळ दिला. मग करंडा हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता या दोघांना परत पाठवणार. आणि खोटं कशाला बोलू, पाठवावं असंच मला वाटत होतं. पण वहिनींनी बोट हळदीत बुडवलं, मावशींच्या कपाळाला टेकवलं आणि सरकून स्वतःच्या शेजारी त्यांना जागा करून दिली. त्या वर्षी वाण म्हणून चहाची गाळणी होती. शीतलच्या घरी दोन गाळण्या गेल्या.

आई बराच वेळ खाली बघत राहिली. साडीबिडीबद्दल काही बोलली नाही. मग म्हणाली, "सुमन, तुला नाही का रे आली चिठ्ठी?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

पुढच्याच महिन्यात मी राजपत्रात नाव बदललं आणि सुमनचा सुमंत झालो. शीतल पेढा मागायला आला. "बारसं झालं म्हणे तुझं? मला बोलावलं नाहीस ते?" आई हसली नाही. पुढची संक्रांत तिला दिसली नाही. खालच्या मजल्यावर मात्र दर वर्षी चिठ्ठी येत राहिली, आता नीट विचारपूर्वक, 'शीतल आणि आई' अशी. दुकानातल्या एका फळीवर त्याने सगळी वाणं मांडून ठेवली होती. साबणाच्या डब्या, कंगवे, प्लॅस्टिकच्या परड्या. मी आठवड्यातून दोनदा तरी त्या फळीसमोरच्या बाकड्यावर बसायचो. सगळं जग मला सुमंतराव म्हणायला लागलं तरी तो सुम्याच म्हणायचा, आणि मला ते आवडायचं नाही, आणि मी तरीही जायचो.

गेल्या वर्षी तो दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. स्मशानातल्या कारकुनाने नाव ऐकून रकान्यात 'स्त्री' लिहिलं. मी चढ्या आवाजात ते खोडायला लावलं. घरी येताना वाटलं, शीतल असता तर मलाच म्हणाला असता, काय टेन्शन घेतो रे.

तर, गौरीला 'नको' कळवण्याआधी मी मावशींकडे गेलो. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, खाली एकट्याच असतात, दुपारचा डबा आमच्याकडून जातो. त्या वाती वळत होत्या. मी म्हणालो, "मावशी, गौरीला सांगणार आहे, असलं दोन्हीकडचं नाव नकोच. पोराला जन्मभर पुरतं."

"तुझी आईपण हेच म्हणाली होती," मावशी म्हणाल्या.

"कधी?"

"त्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. चोथा टाकताना तिला चिठ्ठीचे तुकडे मिळाले. इथेच बसून रडली बघ. म्हणाली, चुकलं माझंच, पोराला नाव जड जातंय. तेव्हाच ह्यांना अडवायला हवं होतं मी."

मावशी वातीवर वात ठेवत राहिल्या. "शीतल इथेच मशीन उघडून बसलेला. ती गेल्यावर मला दटावलं त्याने. म्हणाला, सुम्याला हे कळता कामा नये, आई. तो झोपणार नाही."

मला शीतलचा इतका राग आला की तो समोर असता तर मी त्याची गचांडी धरली असती. तीस वर्षं मी त्या बाकड्यावर बसलो, त्याच्या ग्रीसच्या डागांवर बोललो, मॅडम म्हणून त्याला हिणवलं, आणि एकदाही त्याने हे माझ्या तोंडावर फेकलं नाही. माझी आई माझ्यासाठी रडली, आणि तेसुद्धा मला नाही, त्यालाच ठाऊक होतं. त्याच्याजवळ होतं आणि माझ्याजवळ नव्हतं, अशा गोष्टींत ही शेवटची आणि सगळ्यात मोठी.

घरी आलो आणि गॅलरीत बसून राहिलो. आई गेली ती आपण नाव चुकीचं ठेवलं असं समजून गेली. नाव कुठे चुकलं होतं? त्या नावाने तर तिला खाली अंगणात जागा मिळत होती, कपाळाला हळद मिळत होती. चिठ्ठी दारात आली होती. फाडली ती मी.

संध्याकाळी गौरीला फोन केला. "मृदुलच ठेवा."

"नक्की ना बाबा? चिडवतील रे त्याला."

"चिडवतील. मी स्वतः चिडवायचो. पण त्याच्या नावावर काही आलं, तर तेवढं फाडू नका, त्याला फाडू देऊ नका."

"म्हणजे काय?" तिने विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं. चोथ्याचंसुद्धा सांगितलं. मग तिने विचारलं, तुझ्या आमंत्रणावर नाव काय घालू. मी म्हणालो, सुमन.

बारशाच्या दिवशी मावशींना घेऊन निघालो. रिक्षात बसेपर्यंत त्यांचं चालूच होतं, "माझं काय काम रे तिथे? पोटचा मुलगा गेलाय माझा. चांगल्या कार्याला मला कशाला नेतोस?" मी हात सोडला नाही. नौपाड्यातला छोटा हॉल. पाळण्याभोवती बायकांची गर्दी, पुरुष दाराजवळच्या खुर्च्यांवर. विहीणबाई लगबगीने पुढे आल्या. "या, या. तुमची बसायची सोय तिकडे केलीय हं."

"आमंत्रण माझ्या नावावर आलंय," मी म्हणालो. हे वाक्य म्हणताना आवाज इतका कापतो हे शीतलने मला कधी सांगितलं नव्हतं. "पण बायकांत एकट्याला लाज वाटते, म्हणून मावशींना आणलंय."

विहीणबाई गोंधळल्या. गौरी मात्र उठली. तिने मावशींना कुंकवाचं बोट लावलं आणि पाळण्याशेजारी स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. निखिलच्या बहिणीने बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. पाळण्याची दोरी कुणीतरी मावशींच्या हातात दिली.

"काय ठेवलं गं?" मावशींनी मोठ्याने विचारलं.

"मृदुल," गौरी म्हणाली.

विहीणबाईंना राहवलं नाही. "तसं छानच आहे हो. पण ऐकून मुलगा की मुलगी ते कळत नाही, एवढंच."

मावशींनी दोरी ओढली, पाळणा हलला. "बरंच आहे की," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडची बोलावणी येतील त्याला."