भागाबाईचा धूर

डोंगरकड्याजवळच्या त्या वस्तीवर भागाबाईला तिच्या नावानं हाक मारायची कुणाची टाप नाही. तिला सगळे नवी म्हणतात. भागाबाईला त्यांनी ओढ्याकाठी केव्हाच जाळून टाकली आहे.

झालं होतं असं. भर उन्हाळ्यात शेळ्यांना पाला पाडायला ती लिंबाखाली उभी होती. आकडीनं फांदी खाली ओढली, तशी त्यातली एक हिरवी डहाळी हलली आणि तिच्या कपाळाला चावली. हरणटोळ होता तो. चाबकाच्या वादीएवढा बारीक, टोकदार तोंडाचा. हरणटोळ डसला की शेंड्यावर चढून चितेचा धूर बघत बसतो, आणि धूर दिसला नाही तर माणसाचा माग काढत येतो, अशी जुन्या माणसांची पक्की खात्री. म्हणून त्याला फसवायचं. तिच्या नवऱ्यानं, मुंजाजीनं, कडब्याची बाई केली, तिला भागाबाईचं लुगडं नेसवलं, बांगड्या चढवल्या आणि पेटवून दिली. सापाला संशय नको म्हणून सगळी वस्ती धाय मोकलून रडली. भागाबाई घोंगडीखाली दडून ऐकत होती. जन्मात एक गोड शब्द न बोललेली सासू तिचे गुण गायला लागली तेव्हा तिला हसूच फुटलं. मग रागिणीचा आवाज आला.

रागिणी तिची लेक, जेमतेम अंगणवाडीत जाणारी. लेकरू बोलून जाईल म्हणून तिला कुणी खरं सांगितलंच नव्हतं.

कपाळाची सूज लगेच उतरली. धुरानं वाचवलं, असं म्हणत, सापानं पुन्हा माग काढू नये म्हणून सासूनं तिचं नावही बदललं. पण रागिणी तिच्या हातचं खाईना. "माही आई जळाली, म्या बघितली," म्हणायची. पुढं ती मोठी झाली, तिला सगळं कळलं, तरी तोंडातून आई हा शब्द निघाला नाही. तीही नवीच म्हणायची, आणि दिवेलागण झाली की भुताला भ्यावं तशी, तिच्याकडं पाठ करून कधी बसायची नाही.

त्यात भागाबाईला जिथं तिथं हरणटोळ दिसायला लागले. भीतीपोटी तिची नजर त्यांच्यावरच बसली. कुंपणावरच्या वेलात तो वाऱ्यासोबत हलायचा, वारा थांबला की थांबायचा. डोळ्यातली बाहुली आडवी, सुईच्या नेढ्यासारखी. सरडा धरला की सोडायचा नाही. विषाचे दात जबड्यात मागं, म्हणून चावत चावत त्याला आत घ्यायचा आणि तो ढिला पडेपर्यंत तसाच लोंबकळायचा. पावसाळ्यात एका मादीनं अंडी न घालता सुतळीसारखी जिवंत पिल्लं टाकलेली तिनं बघितली. हा आपल्यालाच हुडकतो आहे, असं तिला वाटायचं. कधी कधी त्याहून वाईट वाटायचं. जळाली तीच खरी भागाबाई असेल, मग आपण कोण?

यंदा रागिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एका सकाळी अंगणातल्या शेवग्यावर हरणटोळ लोंबताना तिनंच बघितला आणि साप पकडणाऱ्या वैजनाथला फोन लावला.

"भिऊ नका, मी येऊनच राहिलो," फोनवर त्याचा आवाज मोठ्यानं आला. "त्याचं इख सरड्या-पाखरापुरतं असतं. माणूस मरत न्हाई त्यानं."

भागाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. मरत नाही? मग कडबा कशासाठी पेटवला? लेकरू कशासाठी रडवलं? तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला, शेवग्याखाली गेली आणि कपाळ वर केलं.

"बघ," ती सापाला म्हणाली. "भागाबाई हाय मी. जळाले न्हाई. काहून तोंड लपवू?"

हरणटोळानं गळा फुगवला. खवल्यांच्या मधून काळं-पांढरं दिसलं, गुलाबी तोंड उघडलं.

"आई!" दारातून रागिणी किंचाळली. "आई, मागं सर! आई!"

साप कधीच पानांत शिरला होता, तरी ती रडत हाका मारतच राहिली. ज्या हाकेसाठी इतकी वर्षं जीव तळमळला ती अंगणात घुमत होती, आणि भागाबाईनं ओ दिली नाही. पोरगी आईला बोलवून राहिली, कुणीतरी तिच्या आईला हाक मारा, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ती इकडंतिकडं बघत उभी राहिली.