जीपचं झाकण आणि साडीचं खोकं

माझे सासरे मला कधी ओरडले नाहीत. लग्नाला वर्ष होत आलं, तरी 'जावईबापू, घ्या' आणि 'जावईबापू, बसा' याच्यापुढे ते गेले नव्हते. माझ्या वाट्याच्या शिव्या ते माझ्या मेहुण्याला देत, त्याही मालवणीत. चहा मी सांडायचा आणि धांदरट तो ठरायचा. मला ही व्यवस्था फार सोयीची होती.

सासरे गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली, चारही चाकांनी ओढणारी, आणि बोरिवलीच्या चाळीपुढे आणून उभी केली. त्या जीपने आम्हाला धाकट्या मेहुणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. मुलाचं गाव कोकणात, आणि गावची शेवटची चढण अशी की एसटी खालीच सोडून जायची. आधीची तारीख पावसात हुकली होती. वाटेतला वहाळ, म्हणजे ओढा, भरला, जीप निम्मी बुडाली आणि आम्ही माघारी फिरलो. मुलाच्या आईचा निरोप आला होता : या खेपेला जमलं नाही, तर राहू द्या.

आता जीप बुडाली म्हणजे डिफरन्शियलमध्ये, चाकांच्या मधल्या त्या गिअरच्या गोळ्यात, पाणी शिरलं असणार. ऑइल बदलायलाच हवं. हे शहाणपण माझं. मी विक्रोळीला कारखान्यात होतो. म्हणजे स्टोअरमध्ये. नटबोल्ट खिडकीतून द्यायचो. पण सासरवाडीत 'कारखान्यात' एवढंच सांगितलेलं बरं.

दुपारी जेवून निघायचं होतं आणि मी सकाळी बाह्या सरसावल्या.

"परत आल्यावर बघू, जावईबापू," सासरे म्हणाले.

"तासाभराचं काम, मामा. तुम्ही बसा."

त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते त्यांनी गिळलं. जावयाला नाही कसं म्हणणार?

गोणपाट टाकून मी जीपखाली शिरलो. पुढचा गोळा, मागचा गोळा, आणि मधली ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी. तिन्हींचे खालचे नट मी सटासट काढले. घमेल्यांत ऑइल पडू लागलं. मागच्या गोळ्यातलं तर दूध घातलेल्या कॉफीसारखं. पाणी शिरलंच होतं! मी जीपखालून ओरडून सगळ्या चाळीला ते सांगितलं. खालचे नट पुन्हा बसवले. बाजूच्या भोकांतून पुढे आणि मधे नवं ऑइल भरलं. राहिला मागचा गोळा.

त्याचा भरायचा नट हलेना. गंजून बसलेला. मी जोर लावला, पान्हा सटकला. आणखी जोर लावला, पुन्हा सटकला. हात फिरवून बघतो तर नटाचे कोपरे गायब. लाडवासारखा गोल.

मेहुणा वाकून बघत होता. "वाट लागली ना?"

"गप रे. पाणी आण."

"पाणी कशाला? आधीच शिरलेलं ना?"

मी हसलो नाही. खालून सगळं ऑइल काढून झालं होतं आणि वरून भरायला वाट नव्हती. तशी जीप चालवली असती तर ठाण्याच्या पुढेही गेली नसती. रविवार, गॅरेजं बंद. वर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

मेहुणी खाली आली. एरवी माझी टोपी उडवणारी पोरगी, पण तिने हळूच विचारलं, "भावोजी, होईल ना?"

मी जीपखालून बाहेरच येईना. तिथून सासऱ्यांच्या फक्त चपला दिसत होत्या. त्या येरझाऱ्या घालत होत्या.

"मेल्या, बघत काय रवलंस?" हे मेहुण्याला. "तुका अक्कल आसा? आधी वरचो नट सुटता काय ता बघूचा, मगे खालचो काढूचो!"

"पण मी कुठे काय केलं, बाबा?"

चपला थांबल्या. मग माझ्या पायाला धरून कोणीतरी ओढलं.

"तू रे! भायर ये मेल्या! बाजूक हो!"

मी बाहेर आलो. चाळीच्या गॅलरीत माणसं उभी होती. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. सासऱ्यांनी परीटघडीचा शर्ट काढून माझ्या अंगावर फेकला आणि जीपखाली गेले. गोळ्याचं मागचं झाकण बोल्ट काढून सुटं केलं, नटासकट. ते सासूबाईंच्या स्टोव्हवर धूर निघेस्तोवर तापवलं, छिन्नी लावून हातोडा मारला. नट फिरला. पण झाकणामागचं, ऑइल अडवणारं पॅकिंग फाटलं होतं, आणि नवं मिळणार कुठे?

"पुठ्ठो व्हयो. जाड."

मेहुणी वर पळाली. आली ती साखरपुड्याच्या साडीचं खोकं घेऊन. साडी तिने टॉवेलात गुंडाळून काखेत धरली होती. सासऱ्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, खोकं फाडलं, पुठ्ठा झाकणावर ठेवला आणि कडेकडेने हातोडी ठोकत पॅकिंग कापलं. ग्रीस फासून बसवलं. ऑइल भोकाशी येऊन सांडेपर्यंत मी ओतत राहिलो. एकदा हात हलला. तेव्हा मिळालेली शिवी इथे लिहिता येणार नाही.

जेवण राहिलं. पण निघालो. वाटेत प्रत्येक थांब्यावर मला जीपखाली वाकून बघायचा हुकूम होता. दुसऱ्या दिवशी चढणीखाली सासऱ्यांनी चारही चाकं जोडली आणि मला उतरवलं. जीप दगड उडवत वर चालली. वर मुलाकडची मंडळी बघत उभी. सिल्कचा झब्बा घातलेला मी, धुरळ्यात, जीपच्या मागे, मान खाली घालून धावत होतो.

"गळता काय रे?" वरून हाक आली.

"गळणा नाय, मामा!"

"मगे बस मागे. झब्बो झाड आधी!"

मी झब्बा झाडला आणि साडीच्या टॉवेलाशेजारी चढून बसलो.