कानसेनांची गाडी

कानसेन हे नाव त्यांना कारखान्यानं दिलं. सदतीस वर्षं त्यांनी इंजिनं तपासायच्या खोलीत काढली, वर पत्रा आणि दिवसभर नुसती घरघर. कानात बोळे घालायचा नियम पुढे आला तेव्हा हे हसले. म्हणे, डोळे बांधून कुणी शिवणकाम करतं का? निवृत्त झाल्यावरही गॅरेजवाले दाराशी गाड्या आणायचे. "काका, जरा कान लावा." हे बॉनेटवर वाकून हात वर करायचे आणि मग घरात चमचासुद्धा वाजायचा नाही. बायको उचललेलं भांडं हातात तसंच धरून उभी राहायची. थोड्या वेळानं निकाल मिळायचा, तिसरा व्हॉल्व्ह. आणि तिसराच निघायचा! त्यावर त्यांचं पोट नव्हतं, पण जीव सगळा त्यातच होता.

गेली दोन वर्षं मात्र बायको एक गोष्ट पोटात ठेवून होती. दाराची घंटा त्यांना ऐकू येत नव्हती. मोबाइल उशाशी वाजून वाजून थांबायचा. घरघर, धडधड सगळी कळायची, बारीक आवाज तेवढे गेले होते. तिनं एकदा डॉक्टरचा विषय काढला, तर म्हणाले, "तूच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस." झालं! तेव्हापासून घंटा वाजली की "अहो, कुणीतरी आलंय वाटतं," म्हणत हीच उठायची. सांभाळून घ्यायचं म्हणजे किती, याला काही धरबंध असावा की नाही? तिला तो राहिला नाही.

त्यात ही गाडी आली. एका डॉक्टरांच्या शेडमध्ये अठरा वर्षं ताडपत्रीखाली पडलेली, गोल दिव्यांची, जाड पत्र्याची. डॉक्टर वारले आणि मुलांना शेड रिकामी हवी होती. ओळखीचे मेकॅनिक येऊन बघून गेले. "काका, शोभेला ठेवा." एवढं म्हणायचा अवकाश, हे हट्टाला पेटले. पेट्रोलच्या टाकीतून वाटीभर गंज निघाला. कार्बोरेटर स्वयंपाकघराच्या ओट्यावर सुटा झाला आणि आठवडाभर जेवणाला पेट्रोलचा वास आला. पाचव्या आठवड्यात गाडी खोकली, धूर ओकली आणि सुरू झाली. बायकोचेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोला.

राहिलं टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडावी ते. आता त्याला यंत्रं मिळतात, पण ह्यांची रीत जुनी. गाडी चढावर घ्यायची, ठिणगी थोडीथोडी लवकर आणायची आणि इंजिन आतून टिणटिण करू लागलं की जरासं मागे यायचं, नाहीतर आतला पिस्टन जळतो. कारखान्यातली माणसं झोपेतही हे सांगतील.

पाण्याच्या टाकीकडच्या चढावर पहिल्याच फेरीत बायकोला ऐकू आलं. डब्यात वाटाणे हलवावेत तसं. ह्यांचा हात वर होता, म्हणून ती गप्प बसली. वर पोचल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं, पाना लावून आणखी थोडं फिरवलं. "अजून वाव आहे," म्हणाले. दुसऱ्या फेरीत आवाज वाढला.

"अहो, काहीतरी वाजतंय..."

"शू! तुला काय कळतंय त्यातलं?"

तिसऱ्या फेरीनंतर तर स्वारी खूश. "बघितलंस? एवढं पुढे आणलं तरी हूं की चूं नाही! असं इंजिन जन्मात पाहिलं नाही मी."

तिथं तिनं ओरडायला हवं होतं. पण किती दिवसांनी हा माणूस हसला होता! तिनं मान डोलावली.

चार दिवस गाडी सगळ्या ओळखीच्यांना दाखवून झाली. पाचव्या दिवशी त्याच चढावर मोठा आवाज झाला, मागे निळा धूर आणि गाडी जागच्या जागी थांबली.

त्यांच्याच हाताखाली शिकून आता स्वतःचं गॅरेज काढलेला एक शिष्य गाडी घरी ओढून घेऊन आला. अंगणातच इंजिनचं वरचं झाकण, हेड, उघडलं. पिस्टनला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

"काका, आधी वाजलं असेल ना?"

"नाही वाजलं."

शिष्यानं काकूंकडे पाहिलं.

"मी शेजारीच होते," ती म्हणाली. "काही वाजलं नाही."

"मग धातूच जुना, दुसरं काय," शिष्य म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं. "काका, उद्या गॅरेजवर या ना. शाळेची व्हॅन आलीय. मागचं चाक बारीक कण्हतंय असं ड्रायव्हर म्हणतो. बेअरिंग गेलं असेल तर खोलतो. तुम्ही कान लावून ठीक आहे म्हणालात, तर परवापासून मुलं न्यायला मोकळी."

"येतो की! सकाळीच येतो." तेवढ्यानंही त्यांची पाठ ताठ झाली. ते नळाशी जाऊन साबणानं नखं घासू लागले.

बायकोच्या डोळ्यांपुढे व्हॅनमधली मुलं आली. गाडी गेली ती गेली, अशा दहा गाड्या तिनं जाऊ दिल्या असत्या.

"त्यांना नको बोलावूस," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही रे. तिन्ही फेऱ्यांना वाजत होतं. मी खोटं बोलले."

शिष्य बघतच राहिला. तीन पावलांवर काका पाठमोरे नखं घासत होते. "हातोडी माझी घेऊन येतो, तुझ्याकडच्या भलत्याच जड," ते म्हणत होते. मग नळ सोडून त्यांनी हात धुतले, नळ बंद केला, वळले आणि दोघांचे चेहरे पाहिले.

"काय झालं?"

शिष्यानं मान खाली घातली.

"अगं, काय म्हणालीस त्याला?"

तिनं पुढे होऊन त्यांच्या हातात टॉवेल दिला. मग तेच सगळं पुन्हा सांगितलं, आणि त्यांना कळावं म्हणून इतक्या मोठ्यानं सांगावं लागलं की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली.